गोठलेल्या मैदानावरचं अमेरिकन फुटबॉल

अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ऐन हिवाळ्यात, उघड्या स्टेडियममध्ये आणि कधीकधी पायाखालची माती दगडासारखी झालेली असताना मॅच खेळवतात, त्या प्रथेबद्दलची ही नोंद. सीझन सप्टेंबरात सुरू होतो आणि बाद फेरी जानेवारीत येते, म्हणून ग्रीन बे, बफेलो, शिकागो अशा उत्तरेकडच्या टीम्सच्या सगळ्यात मोठ्या मॅच नेमक्या कडाक्याच्या थंडीत पडतात, आणि निव्वळ थंडी आहे म्हणून मॅच पुढे ढकलायची सहसा पद्धत नाही.

सुरुवात कुठून धरायची हा वादाचा विषय. 1932 ची निर्णायक मॅच बर्फामुळे चक्क शिकागोच्या एका इनडोअर हॉलमध्ये, 80 यार्डांच्या छोट्या मैदानावर खेळवली, म्हणजे तेव्हा मैदान टाळलंच. त्यामुळे पहिलं ठळक उदाहरण म्हणून 9 डिसेंबर 1934 ची न्यूयॉर्कमधली फायनल धरणं जास्त बरोबर वाटतं. मैदान कडक झालं होतं, बुटांचे स्पाइक रुतत नव्हते, न्यूयॉर्कची टीम जायंट्स 13-3 ने मागे पडली, मग एबे कोहेन नावाचा टीमचा माणूस मॅनहॅटन कॉलेजमधून बास्केटबॉलचे रबरी तळाचे बूट घेऊन आला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये जायंट्सनी 27 पॉइंट काढून तोवर न हरलेल्या शिकागो बेअर्सला 30-13 ने हरवलं. श्रेय बऱ्याचदा कोच स्टीव्ह ओवेनला मिळतं, पण कल्पना बहुधा रे फ्लाहर्टी या खेळाडूची, कारण कॉलेजात असताना त्याने हा प्रयोग केलेला होता.

प्रथेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 31 डिसेंबर 1967 चा ‘आइस बोल’, ग्रीन बे पॅकर्स 21, डॅलस काउबॉइज 17. सुरुवातीचं तापमान उणे 25 अंश सेल्सियसच्या आसपास होतं. गंमत अशी की ग्रीन बेच्या मैदानाखाली त्याच वर्षी विजेच्या तारांची हीटिंग सिस्टिम बसवली होती, खर्च सुमारे 80,000 डॉलर, आणि कोच विन्स लोम्बार्डीला तिचं फार कौतुक. मग मैदान गोठलं कसं? काउबॉइजच्या गोटात शंका अशी की लोम्बार्डीने मुद्दाम बटण बंद केलं, दुसरं म्हणणं की सिस्टिमच बिघडली. तिसरं जास्त पटण्यासारखं आहे: रात्रभर मैदानावर ताडपत्री होती, खालून उष्णता येत होती, त्यामुळे ताडपत्रीखाली वाफ धरली आणि गवत ओलं झालं, सकाळी ताडपत्री काढल्याबरोबर ते पाणी उघड्यावर पडून गोठलं आणि तारांची ताकद त्या थंडीपुढे कमी पडली. म्हणजे हीटर चालू असल्यानेच वर बर्फाचा पापुद्रा धरला. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, एकाच्या ओठाचं कातडंही निघालं, शेवटी ओरडूनच मॅच चालवली. शेवटच्या 16 सेकंदांत ग्रीन बेचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) बार्ट स्टारने बॉल दुसऱ्याला न देता स्वतःच गोलरेषेपलीकडे घुसवला, कारण मागून पळत येणारे घसरत होते. त्याच्यासाठी वाट करणारा जेरी क्रेमर नंतर सांगायचा की बूट रोवायला आपल्याला जमिनीत एक खळगा सापडला होता.

सगळ्यात थंड मॅच कुठली यावरही भांडणं आहेत. नुसत्या तापमानात आइस बोल, पण वाऱ्यासकट मोजलं तर 10 जानेवारी 1982 चा सिनसिनाटीचा ‘फ्रीझर बोल’ पुढे, जुन्या सूत्राने उणे 50 अंशांच्या आसपास. 2001 मध्ये अमेरिकी हवामान खात्याने वाऱ्याच्या गारठ्याचं सूत्र बदललं आणि दोन्ही मॅच साधारण उणे 38 वर, जवळपास सारख्याच झाल्या. शिवाय सिनसिनाटीत नकली टर्फ होतं, तेव्हा त्याला गोठलेली जमीन म्हणायचं का हाही प्रश्न आहेच.

बॉलवरही परिणाम होतो. नियमाप्रमाणे 13 पीएसआय (दाबाचं एकक) इतकी हवा 21 अंशांच्या खोलीत भरली आणि बॉल उणे 25 मध्ये नेऊन ठेवला तर गणिताने दाब 9 च्या खाली येतो, म्हणजे बॉल पिचकतो, शिवाय थंडीने कातडं टणक होऊन हातातून निसटतो. किक जवळच पडतात.

थंडीपासून बचावाबद्दल एवढंच की मिनेसोटाचा कोच बड ग्रँट मैदानाकडेला हीटर ठेवू देत नसे, आणि फ्रीझर बोलमध्ये सिनसिनाटीचे लाइनमन (पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू) उघड्या दंडांनी उतरले. शहाणपण की दिखावा, ज्याने त्याने ठरवावं.

ग्रीन बेमध्ये 1990 च्या दशकात तारा जाऊन अँटीफ्रीझ मिसळलेल्या गरम पाण्याच्या नळ्या आल्या. 13 जानेवारी 2024 ला कॅन्सस सिटीत उणे 20 मध्ये मॅच झाली तेव्हा तिथल्या टीमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या हेल्मेटचा तुकडाच उडाला, आणि हिमदंशामुळे काही प्रेक्षकांची बोटं पुढे कापावी लागली. मिनेसोटाने 1982 मध्येच बंदिस्त स्टेडियम घेतलं, बफेलोने मात्र नवं स्टेडियम बांधतानाही मैदानावर छत घातलेलं नाही.