वाक्यलेखनसिद्धता, कथाश्रवणाधारित

ऐकलेल्या गोष्टीविषयी स्वतःच्या मनाने एखादे वाक्य लिहिता यावे, यासाठी बालकाची जी शारीरिक, भाषिक व मानसिक तयारी व्हावी लागते, तिला ही संज्ञा लावतात. साधारणतः ४ ते ८ वर्षे वयाच्या, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या मुलांच्या संदर्भात ती वापरली जाते. फळ्यावरचे वाक्य उतरवून काढणे, शिक्षकाने सांगितलेले वाक्य लिहिणे आणि गोष्टीखालच्या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर लिहिणे, या तिन्ही गोष्टी शाळांतून सर्रास लेखन म्हणून मोजल्या जातात. त्यांतले वाक्य मुलाचे नसते. म्हणून येथे त्यांचा विचार केवळ तुलनेपुरता केला आहे.

या तयारीचे घटक एकाच वेळी पक्व होत नाहीत. गोष्ट समजणे, ती क्रमाने सांगता येणे, तिच्यातले एक वाक्य मनात धरून ठेवणे, त्यातले शब्द सुटे करणे, शब्दांतील ध्वनींना अक्षरे लावणे आणि ती अक्षरे हाताने काढणे, यांपैकी पहिले दोन घटक तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दिसू लागतात, तर शेवटचे दोन मराठी शाळेत दुसरी-तिसरीपर्यंतही अपुरे असू शकतात. विषयातील बहुतेक मतभेद याच अंतरातून निघाले आहेत. एक पक्ष शेवटचे घटक पुरे होईपर्यंत वाक्यलेखन थांबवतो. दुसरा पहिल्या घटकांच्या बळावर ते लवकर सुरू करतो.

प्रारंभवयाचा प्रश्न : अक्षरओळख कोणत्या वयात सुरू करावी, याबद्दल भारतीय परंपरेत दोन वेगळी विधाने आढळतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात चौलकर्म (जावळ काढण्याचा संस्कार) झालेल्या राजपुत्राने लिपी व संख्यान (मोजणी) शिकावे, असे सांगितले आहे. मनुस्मृतीप्रमाणे चौल पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावयाचे असते. त्यामुळे लिपिशिक्षण तिसऱ्या वर्षानंतर केव्हाही सुरू होऊ शकते. याउलट विद्यारंभ हा स्वतंत्र संस्कार पाचव्या वर्षी करावा, असे वचन याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्काच्या टीकेत मार्कंडेय पुराणाच्या नावाने उद्धृत केलेले आहे. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची दखल घेतली आहे. अपरार्क म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा पहिला अपरादित्य, असे सामान्यतः मानले जाते व टीकेचा काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध धरला जातो.

अर्थशास्त्राचा काळ मात्र विवाद्य आहे. र. पं. कंगले यांनी तो मौर्यकाळाशी जोडला, तर टॉमस ट्राउटमान यांनी १९७१ मध्ये शब्दप्रयोगांच्या सांख्यिकीवरून ग्रंथ एकाहून अधिक हातांचा, म्हणजे मौर्यकाळानंतरही घडत गेलेला, असल्याचे मांडले. दुसरे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. तसे धरल्यास दोन विधानांतील कालांतर कमी होते, पण वयातील फरक राहतोच. गृह्यसूत्रांत विद्यारंभाचा उल्लेख नसल्याने तो उत्तरकालीन संस्कार असावा, हे अ. स. आळतेकर यांचे म्हणणे सयुक्तिक वाटते. लेखनाचा प्रसार वाढल्यावर अक्षरारंभाला स्वतंत्र विधीचे स्थान मिळाले असावे. यांतल्या कोणत्याही वचनाचा रोख मुळाक्षरांपलीकडे जात नाही. पुढे पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवर धुळाक्षरे, मग बाराखडी, जोडाक्षरे, मोडीचे खर्डे आणि पत्रांचे मायने असाच क्रम होता. गोष्टी मूल घरी आणि कीर्तनात ऐके. पाटीशी त्यांचा संबंध येत नसे.

सिद्धतेच्या आधुनिक कल्पनेचा उगम : काही लेखक ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या सिद्धतेच्या नियमापासून (शिकणारा तयार असेल तरच शिकणे समाधान देते) काढतात, तर काही आर्नल्ड गेसेल यांच्या परिपक्वनवादापासून (क्षमता शरीराच्या वाढीबरोबर आपोआप येतात हे मत). तथापि तिची मुळे त्याहून मागे दिसतात. दहा वर्षांखालील मुलांना लिहिणे-वाचणे शिकवावे काय, असा प्रश्न जी. टी. डब्ल्यू. पॅट्रिक यांनी १८९९ मध्येच अमेरिकेत उपस्थित केला होता. तेथे १९२५ च्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालानंतर वाचनसिद्धता हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि १९३१ मध्ये मेबल मॉर्फेट व कार्लटन वॉशबर्न यांनी इलिनॉय राज्यातील विनेटका येथील पहिलीच्या मुलांच्या पाहणीवरून साडेसहा वर्षे हे मानसिक वय (बुद्धिमापन चाचणीवरून ठरणारे वय) वाचनारंभास योग्य ठरवले. हा आकडा अनेक दशके शिक्षक-प्रशिक्षणात प्रमाण मानला गेला. वास्तविक आर्थर गेट्स यांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते, की आवश्यक वय शिकवण्याच्या पद्धतीवर, साहित्यावर आणि वर्गाच्या आकारावर अवलंबून असते. अनुकूल वर्गात पाच वर्षे मानसिक वयाची मुलेही वाचू लागतात. वाचनासाठी काढलेली ही मर्यादा लेखनाला जवळपास तपासणीविनाच लागू केली गेली, ही या इतिहासातील खरी उणीव होय. मूल तयार नाही, असे म्हणण्यापूर्वी वर्ग तयार आहे काय हे पाहावे लागते, हा गेट्स यांच्या कामाचा आशय आजही शिल्लक आहे.

माँटेसरी आणि व्हिगॉट्स्की : इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू केले. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवणे आणि सुटी अक्षरे जुळवून शब्द मांडणे, या मार्गाने तेथील चार-पाच वर्षांची मुले वाचनाआधी लिहू लागली. लेखन वाचनाच्या आधी येऊ शकते, हे त्यांचे निरीक्षण पुढे टिकले. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह व्हिगॉट्स्की यांनी मात्र १९३५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात या पद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतला. माँटेसरींच्या मुलांनी सणाच्या शुभेच्छांचे चिठोरे सुबक लिहिले, पण त्या मजकुराची मुलांना स्वतःला गरज नव्हती. लेखन हाताचे कौशल्य म्हणून आले, भाषा म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हावभाव, खेळ आणि चित्र यांतून लेखन उगवते, ही त्यांची मांडणी. त्यांचे सहकारी अलेक्झांडर लूरिया यांनी १९२९ मध्ये अक्षरे न येणाऱ्या मुलांना वाक्ये सांगितली व ती लक्षात ठेवण्यासाठी कागदावर काहीतरी काढावयास दिले. लहान मुलांच्या रेघोट्या सर्व वाक्यांना सारख्याच होत्या. वाक्यात संख्या, आकार किंवा ठळक रंग आला, की रेघोट्या बदलू लागल्या. वाक्याच्या अर्थासाठी खूण काढणे अक्षरओळखीच्या आधी सुरू होते, याचा हा पुरावा आहे.

हाच धागा न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या कामात आणि एमिलिया फेरेरो व आना टेबेरोस्की यांच्या १९७९ च्या स्पॅनिश ग्रंथात पुढे नेलेला दिसतो. लेखनाविषयी मूल स्वतःचे नियम बनवत जाते. आरंभी चिन्हांचा ध्वनीशी संबंध नसतो, मग एका उच्चारावयवाला (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) एक अक्षर आणि शेवटी एका ध्वनीला एक अक्षर, असा क्रम फेरेरो-टेबेरोस्की यांनी नोंदला. सिद्धता ही एखाद्या दिवशी ओलांडायची रेषा नसून सतत चालणारी घडण आहे, हे मत यामुळे प्रबळ झाले.

हात आणि स्मरण : मनगटातील आठ अस्थींचे अस्थीभवन जन्मानंतर सुरू होऊन किशोरवयाच्या उंबरठ्यापर्यंत चालते. आकृत्या पाहून काढण्याची क्षमता वयाप्रमाणे येते : वर्तुळ तिसऱ्या वर्षाच्या, फुली चौथ्या-पाचव्या, तर त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. तिरप्या रेषा जमू लागल्यावर अक्षरलेखन सुरू करावे, अशी शिफारस व्यवसायोपचारतज्ज्ञ करतात. महात्मा गांधी यांनी आत्मचरित्रात आपल्या अक्षराविषयी लिहिताना मुलांना लेखनापूर्वी चित्रकला शिकवावी, असे मत दिले आहे. ते या शिफारशीशी जुळणारे आहे.

हाताचा प्रश्न केवळ वळणापुरता नसतो. बेआट्रिस बूर्दँ आणि मिशेल फायोल यांनी १९९४ मध्ये फ्रेंच मुलांना शब्दांच्या याद्या आठवून सांगावयास व लिहावयास दिल्या. मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. प्रौढांमध्ये हा फरक नव्हता; पण त्यांना सवयीची नसलेली अक्षरे काढावयास लावताच त्यांचीही आठवण घटली. पहिलीतले मूल तोंडी चार वाक्ये सांगते आणि कागदावर अर्धेच लिहिते, याचे कारण यात सापडते. अक्षर काढण्याकडे लक्ष गुंतले, की वाक्य निसटते. कॉनी ज्यूएल यांच्या १९८८ च्या अभ्यासात पहिली ते चौथीपर्यंत त्याच मुलांचा मागोवा घेतला आहे. लेखनासाठी शुद्धलेखन आणि कल्पना हे दोन घटक त्यात वेगळे धरले असून, कच्चे लिहिणाऱ्या मुलांत गोष्टींची जाण कमी पडते, हे त्यातून पुढे आले.

कथाश्रवणाचा वाटा : गॉर्डन वेल्स यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मुलांच्या घरच्या संभाषणांचे दीर्घकालीन ध्वनिमुद्रण केले. लहानपणी गोष्टी ऐकण्याचा पुढच्या साक्षरतेशी स्पष्ट संबंध त्यांना आढळला. चित्रे रंगवण्याचा तसा आढळला नाही. गोष्टीची भाषा समोर नसलेल्या जगाविषयी बोलते आणि लिखित वाक्यालाही तेच करावे लागते. गोष्टीतून मुलाला वाक्याचा साचाही मिळतो. पुन्हापुन्हा येणारे पालुपद असलेल्या लोककथा यासाठी विशेष उपयुक्त आहेत. मुलाने लिहिलेले पहिले वाक्य पुष्कळदा ते पालुपदच असते. ते पाठांतर म्हणून बाद करणे योग्य नाही.

देवनागरी व मराठीतील विशेष : रोमन लिपीतील मुलाला सव्वीस अक्षरांची ओळख पुरते, मराठी मुलाला मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून काहीशे आकार हाताळावे लागतात. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांबाबत दाखवले, की अशा लिप्यांतील अक्षरज्ञान प्राथमिक शाळेची अनेक वर्षे चालू राहते. संपूर्ण बाराखडी व जोडाक्षरे आल्यावरच वाक्य लिहू द्यावे, हा रूढ क्रम पाळला तर मुलाचे पहिले स्वतःचे वाक्य तिसरीपर्यंत लांबणीवर पडते. हा क्रम टिकवण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

चिऊ-काऊची गोष्ट ऐकलेले पहिलीचे मूल ‘कावळ्याचं घर वाहून गेलं’ हे वाक्य ‘कवळच घर वहन गल’ असे लिहू शकते. काना, मात्रा, उकार, अनुस्वार व जोडाक्षर यांतले काहीच नाही. पण शब्द चारच आहेत, त्यांच्यामध्ये जागा सोडलेली आहे, कर्ता व क्रियापद जागच्या जागी आहेत आणि प्रत्येक शब्दाचा व्यंजनांचा सांगाडा जवळपास पुरा आहे. मराठी व्यंजनात अ मिळालेला असल्याने मुलाला येथे थांबणे स्वाभाविक वाटते. पुढील पायरीवर ‘कावळाच घर वाहुन गेल’ असे होते : काना व मात्रा आली, उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद, अनुस्वार आणि ळ्या अजून यायचे आहेत. मराठी उच्चारात इकार-उकाराचा हा ह्रस्व-दीर्घ भेद फारसा ऐकू येत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी येतो. पहिली वेलांटी ध्वनीने व्यंजनानंतर, पण कागदावर व्यंजनाआधी असते. ‘चिऊ’ लिहिताना मूल आधी च काढून मग वेलांटीसाठी मागे वळते आणि जागा न उरल्याने ती शेजारच्या अक्षराला चिकटते. ‘घर’ एका दमात उच्चारला जातो, पण लिहिताना अक्षरे दोन लागतात. हेही मुलाला ऐकून कळत नाही, वापरातून कळते.

आणखी एक अडचण भाषारूपाची आहे. मूल गोष्ट ऐकते ती ‘गेलं’, ‘मेणाचं’ अशा बोलीतल्या रूपांत, आणि पाठ्यपुस्तकात त्याला ‘गेले’, ‘मेणाचे’ दिसते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी पात्राच्या तोंडी बोलीतली रूपे मान्य केली आहेत. ऐकलेल्या गोष्टीवर लिहिणाऱ्या बालकाला तीच मोकळीक मिळावी, हे रास्त आहे. वहीत ‘गेलं’वर लाल रेघ ओढण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील प्रयोग : गिजुभाई बधेका यांच्या भावनगर येथील कामात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाच्या (१९२६) द्वारे माँटेसरी पद्धतीला देशी रूप दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी केंद्रे चालवली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, गोटे आणि पाठ्यक्रमाच्या जागी गाणी-गोष्टी, असे त्यांचे स्वरूप होते. लीलाताई पाटील यांच्या कोल्हापूर येथील सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला शाळेच्या केंद्रस्थानी ठेवले.

शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यादगीर व महाराष्ट्रातील वाडा (जि. पालघर) या भागांत पहिली ते तिसरीच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला; त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील लेखन मुख्यतः नकलेचे असून स्वतःच्या मनाने लिहिण्यास फार थोडा वाव मिळतो, हे त्यात दिसून आले. केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेसाठीच्या निपुण भारत अभियानाची (२०२१) इयत्तावार उद्दिष्टे भाषेच्या बाबतीत वाचनावर बेतलेली आहेत : पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द. मोजले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हा शाळांचा अनुभव पाहता लेखन मागे पडण्याचा धोका आहे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मात्र मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन व लेखन ही चार अंगे रोजच्या कामात सोबत ठेवली आहेत आणि चित्र हे लेखनाचे आरंभरूप मानले आहे.

प्रत्यक्ष वर्गात ही वाटचाल साधारणपणे अशी असते : गोष्ट दोनदा सांगणे, तिच्याविषयी बोलणे, आवडलेल्या प्रसंगाचे चित्र, चित्राखाली मुलाने सांगितलेले वाक्य शिक्षकाने त्याच्याच शब्दांत लिहून ते बोट ठेवत वाचणे, आणि नंतर मुलाने जमेल तितके स्वतः लिहिणे. शिक्षकाने वाक्य सुधारून लिहिले, तर बोललेले आणि लिहिलेले एकच आहे ही जाणीव तुटते. वारली, कातकरी, कोरकू, गोंडी किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण तेथे गोष्ट एका भाषेत समजते आणि वाक्य दुसऱ्या भाषेत मागितले जाते. त्यांच्या पहिल्या वाक्यांत दोन्ही भाषांचे शब्द मिसळून येतात. देवनागरीत ती जशीच्या तशी लिहून घेता येतात.