बोटाच्या टोकाचा पारा

भीतीने हातपाय गार पडले, असे आपण म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत नंबर लागायची वाट पाहणाऱ्या माणसाची बोटे, अंगाला घाम फुटलेला असला तरी, थंडगार लागू शकतात. ताण आला की सिंपथेटिक नसा, म्हणजे अशा वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रक्त कमी पोचते आणि त्वचा थंड पडते. निवांत बसलेल्या माणसाच्या बोटाचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. ताणात ते कित्येक अंशांनी उतरते.

हा चढउतार एरवी आपल्या ध्यानात येत नाही. सेन्सरने तो मोजून त्याच क्षणी आकडा, रेघ किंवा आवाज म्हणून समोर आणला, तर सरावाने माणूस तो स्वतः घडवू लागतो. याला बायोफीडबॅक म्हणतात. यंत्र शरीरात काहीही सोडत नाही, ते फक्त आरसा धरते. १९६९च्या सुमारास हे नाव रूढ झाले. त्याच काळात मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांनी लकवा आणलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून हृदयाची गतीही शिकवता येते असे मांडले होते. ते निष्कर्ष पुढे पुन्हा मिळेनात, खुद्द मिलर यांनाही नाही. माणसांवरचे काम मात्र टिकले. अमेरिकेतल्या मेनिंजर फाउंडेशन या मानसोपचार संस्थेत एका स्त्रीचे हात झपाट्याने गरम झाले आणि त्याच वेळी तिची अर्धशिशी उतरली. त्यातूनच हात ऊन करण्याचे प्रशिक्षण पुढे आले.

हा सराव घरीही करून पाहता येतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही: तो ३२ अंशांखाली आकडा दाखवत नाही आणि चढलेला आकडा धरून ठेवतो. माशांच्या टाकीसाठी मिळतो तसला, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्यावा, ०.१ अंशाचा फरक दाखवणारा. सेन्सर मधल्या बोटाच्या पेरावर, आतल्या बाजूने, कागदी चिकटपट्टीने लावायचा. पट्टी बोटाभोवती आवळून गुंडाळली तर रक्तच अडते. सेन्सर दोन बोटांत धरला किंवा तळवा मांडीवर पालथा ठेवला, तर नुसत्या उबेने आकडा चढतो आणि आपल्याला जमले असा गैरसमज होतो. म्हणून हात उताणा आणि मोकळा ठेवावा. आधीचा तासभर चहा, कॉफी, सिगारेट नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात.

गोव्यात खरी अडचण हवेची. मे महिन्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते. बोट आधीच गरम, त्यामुळे आकडा जागचा हलत नाही आणि शिकायला काही उरत नाही. एसी २४-२५ अंशांवर ठेवावा, त्याचा झोत हातावर येऊ देऊ नये आणि आकडा स्थिर होईपर्यंत दहा मिनिटे नुसते बसावे. तळहाताच्या घामावर चालणारे त्वचावाहकतेचे (त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजणारे) यंत्र तर पावसाळ्यातल्या दमट खोलीत फारच फसवते. इथे नवख्याने तापमानापासूनच सुरुवात करावी.

मग पंधरा-वीस मिनिटे सराव. पहिल्या काही दिवसांत बहुतेकांचा आकडा उलट उतरतो, कारण माणूस जोर लावतो. बोटांच्या रक्तवाहिन्यांवर हुकूम चालतो तो मुख्यतः आखडवणाऱ्या नसांचा. तो हुकूम सैल झाला की त्या रुंदावतात, आणि चिकाटीने ‘चढ, चढ’ म्हणणे हा त्याच नसांना नवा हुकूम असतो. त्यापेक्षा हात जड झालेत, ऊन होताहेत, एवढेच मनाशी म्हणावे, खांदे आणि जबडा सोडावा आणि आकडा चढो की उतरो, नुसता पाहावा. अर्धा-एक अंश चढला तरी पहिल्या आठवड्याला पुष्कळ झाले.

ताण सैल करण्याचा दुसरा मार्ग श्वासाचा, आणि तो यालाच जोडलेला आहे. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना मंदावते. रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे दहा सेकंदांच्या लयीत झुलते. श्वासही मिनिटाला सहाच्या आसपास आला, की दोन्ही झोके जुळून नाडीतला चढउतार मोठा होतो. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा, साधारण साडेचार ते साडेसहा. २००१मध्ये लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर पाहिले, की लॅटिनमधली रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) आणि योगमंत्र या दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो. संध्याकाळी एका घरात तेर्स, म्हणजे हीच रोझरी, आणि शेजारच्या घरात जप ऐकणाऱ्या आपल्या वाड्यांसाठी ही मोलाची गोष्ट आहे. कोकणीतल्या प्रार्थनेचा वेग मात्र घड्याळ लावून वेगळा मोजावा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, इथून सुरुवात करता येते. श्वास हळू हवा, मोठा नको. छाती भरभरून घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठ-बोटे झिणझिणतात, चक्कर येते.

अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, लघवीवर ताबा न राहणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंमुळे होणारी बद्धकोष्ठता यांत बायोफीडबॅकचा उपयोग होतो. शेवटच्या दोन तक्रारींसाठी वेगळे सेन्सर आणि प्रशिक्षित व्यक्ती लागते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे स्वतःहून कमी करू नयेत. सरावाने साखर किंवा दाब बदलू लागला, तर मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

दोन-तीन आठवड्यांनी स्क्रीन झाकावा. आधी अंदाज सांगायचा, मग आकडा पाहायचा. अंदाज अर्ध्या अंशाच्या आत येऊ लागला, की थर्मामीटर घरी ठेवून फोंडा-पणजी कदंब बसमध्ये, खिडकीपाशी बसून, तोच सराव करावा.