पणजीची म्युनिसिपल बाग आणि तिच्या नावामागचा वैद्य

पणजीच्या चर्च स्क्वेअरला लागून असलेली बाग कागदोपत्री गार्सिया द ओर्ता उद्यान आहे. लोकांच्या तोंडी मात्र ती म्युनिसिपल गार्डन. १८५५ च्या सुमारास ती आखली गेली आणि पणजीतल्या सर्वांत जुन्या बागांमध्ये तिची गणना होते. आकाराने मांडवीकाठच्या कांपालचा हिरवा पट्टा हिच्याहून कितीतरी मोठा आहे. पण राजधानी म्हणून पणजी कशी घडली आणि पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यावर ती कशी बदलली, हे या बागेइतकं दुसरीकडे कुठे एकवटलेलं दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पणजीत बाग करावी अशी जमीनच फारशी नव्हती. मांडवीकाठी आदिलशहाचा वाडा, टेकडीच्या कुशीत चर्च, थोडी वस्ती आणि बाकी माड, वाळू आणि दलदल. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं टिकेनात, म्हणून १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला मुक्काम आदिलशहाच्या वाड्यात हलवला. तरी गावाचं शहर व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. खरं काम झालं ते व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३५ या काळात. त्यांनी पाणथळ जागा बुजवल्या, वाळूचे उंचवटे सपाट केले, सरळ रस्ते काढले. नदीकाठचं मोकळं मैदानही तेव्हाचंच. ‘कांपु द दों मानुएल’ म्हणजे दों मानुएलचं मैदान, तेच आजचं कांपाल. १८४३ मध्ये पणजीला रीतसर राजधानीचा दर्जा मिळाला, आणि राजधानीला शोभतील असे चौक, पुतळे, बागा उभ्या राहू लागल्या.

आझाद मैदानही त्याच ओघात सजलं. तिथल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या सेंट डॉमिनिकच्या चर्चमधून आणलेले आहेत. ओस पडलेल्या राजधानीचे दगड नव्या राजधानीला लागले. त्या मंडपाखाली गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा उभा होता. मुक्तीनंतर तो हलवला गेला आणि आता जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मैदानावर आज हुतात्मा स्मारक आहे, शिवाय १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारकही. लिस्बनच्या सत्तेने ज्यांना पोर्तुगालात नेऊन तुरुंगात टाकलं, त्यांची आठवण आल्बुकेर्कच्या जागी यावी, हे अगदी योग्य झालं.

म्युनिसिपल बागेतही असाच बदल घडला. वास्को द गामा भारतात आल्याला १८९८ मध्ये चारशे वर्षं झाली, त्या निमित्ताने बागेच्या मधोमध उंच खांब उभारून त्यावर गामाचा अर्धपुतळा बसवला होता. गोवा मुक्त झाल्यावर गामा खाली उतरला आणि अशोकाचे सिंह वर चढले. खांब तोच राहिला. बागेचं नावही तेच राहिलं, आणि ते का राहावं हे समजायला ओर्ताकडे वळावं लागतं.

गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये इथेच वारला. तो डॉक्टर होता, आणि त्याची रुग्णसेवा पोर्तुगीज हद्दीपुरती नव्हती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचं जाणं-येणं होतं. मुंबईचं बेटही पुढे त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळालं होतं. १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा भारतातल्या औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. चारच वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला आणि कितीतरी पिढ्या तिकडचे वैद्य त्यावरून हिंदुस्थानी औषधं ओळखायला शिकले.

ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा नवखा डॉक्टर विचारतो, ओर्ता उत्तरं देतो. विषय हिंगाचा असो, लवंगेचा, फणसाचा की विड्याच्या पानाचा, वस्तू नुसती वर्णन करून भागत नाही. घरातल्या मोलकरणीला, अंतोनियाला, हाक जाते आणि ती जिन्नस आणून समोर ठेवते. आंब्याची गोष्ट निघते तेव्हा मुंबईहून आंबे आल्याची वर्दी मिळते, आणि आपल्या बेटावरचं एक झाड वर्षातून दोनदा फळतं हे ओर्ता अभिमानाने सांगतो. मलुपा हा हिंदू वैद्यही या संवादांत आहे. पटकीच्या रोगाचं युरोपीय माणसाने केलेलं आशियातलं पहिलं नीट वर्णन याच पानांत आहे, आणि रोगाचं नाव तो इथल्याच लोकांकडून, मोडशी असं उचलतो. इथल्या वैद्यांना काय ठाऊक आहे, हे विचारून घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. जिंकायला आलेल्यांच्या गर्दीत हा माणूस मला वेगळा वाटतो तो याचसाठी.

ओर्ताचे पूर्वज ज्यू होते. घराण्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता तरी संशय सुटला नव्हता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं. ओर्ता हयात असेपर्यंत वाचला, पण त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आलं. १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळल्या. ज्या गोव्यात त्याला थडगंही ठेवलं नाही, त्याच गोव्याच्या राजधानीतली मध्यवर्ती बाग त्याच्या नावाची आहे. गामा आणि आल्बुकेर्क गेले, वैद्य राहिला. मुक्तीनंतरच्या पणजीकरांनी हे नाव पुसलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

बाग आज शोभेची नाही, वापरातली आहे. कार्निव्हलच्या दिवसांत इथे सांबा स्क्वेअर हा नाचगाण्याचा जलसा भरतो. ८ डिसेंबरला इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं फेस्त असतं तेव्हा भोवतालचे रस्ते दुकानांनी आणि खाज्यांच्या ढिगांनी भरून जातात. एरवी दुपारी बाकांवर ऑफिसातली माणसं डबे उघडून बसलेली असतात.

पाहायला येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आझाद मैदान चालत दहा मिनिटांच्या आत आहे. मग मांडवीच्या कडेने कांपालकडे जावं. रस्त्याला जुन्या झाडांची सावली आहे आणि वाटेत फ्रांसिस्को लुईस गोम्स यांच्या नावाची बाग लागते. नावेलीच्या या डॉक्टरने पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचं प्रतिनिधित्व केलं आणि १८६१ मध्ये फ्रेंच कवी लामार्तीन यांना लिहिलेल्या पत्रात भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. तिथे त्यांचा पुतळा आहे. पुढे चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कला अकादमी आहे. सगळं निवांत पाहायचं तर संध्याकाळी चारनंतर निघावं.