जांघेतील गाठ (स्त्रियांमधील)

पोट आणि मांडी जिथे जुळतात त्या खाचेत हाताला लागणारा फुगवटा. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. त्याचे मूळ पुष्कळदा दुसरीकडे, कधी थेट पायाच्या बोटांत असते.

पाय, बाह्य जननेंद्रिये, गुदद्वार आणि बेंबीखालची त्वचा यांतील लसिका (शरीराच्या ऊतींतून निथळणारा द्रव) जांघेतल्या ग्रंथींकडे वाहते. तिथली जखम पिकली की ग्रंथी सुजते, ठणकते. यालाच अवधाण येणे म्हणतात. नागपूर जिल्ह्यात मौदा-रामटेककडे रोवणीच्या दिवसांत बाया तासन्‌तास धानाच्या बांधीत उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग जांघ दुखू लागते. चिखल्या बऱ्या झाल्या की असे अवधाण बहुधा काही आठवड्यांत ओसरते. म्हणून तपासणी तळव्यापासूनच सुरू व्हायला हवी. पूर्व विदर्भात हत्तीरोगही आहे. ताप येऊन ग्रंथी वारंवार सुजत असेल, पाय जड होत असेल, तर रात्री रक्त तपासतात. त्याचे जंतू रक्तात रात्रीच जास्त सापडतात. क्षयरोग आणि लैंगिक संसर्गानेही ग्रंथी वाढतात.

हर्निया (पोटाच्या भिंतीतील कमजोर जागेतून आतडे वा चरबी बाहेर येणे) पुरुषांनाच होतो हा समज बायकांना फार महागात पडतो. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाला येणारा फिमोरल हर्निया स्त्रियांतच अधिक आढळतो. तो लहान असतो, ग्रंथी समजून सोडून दिला जातो, आणि अरुंद वाटेत आतडे अडकण्याचा धोका त्यातच मोठा. गाठ एकाएकी कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर ती दाबून आत ढकलू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), दोन्हीकडे शस्त्रक्रिया विभाग आहे.

आडवे झाल्यावर नाहीशी होणारी मऊ गाठ फुगलेल्या शिरेचीही असू शकते. पाळीच्या दिवसांत दुखणारी, वाढणारी गाठ एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलतीकडे वाढल्याची) असू शकते, पण हे क्वचित. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा घाम आणि घर्षणाने केसतोड होतात. चरबीची गाठ निरुपद्रवी असते.

न दुखणारी, टणक, जागेवरून न हलणारी आणि महिनाभरात न ओसरलेली गाठ मात्र तपासायलाच हवी. लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), योनिमुख किंवा गुदद्वाराचा कर्करोग, तळव्यावरचा काळा मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग) अशी कारणे तिच्यामागे असू शकतात. डॉक्टर उभे करून खोकायला सांगतात, सोनोग्राफी करतात, लागल्यास सुईने पेशी काढतात. लाजेपोटी महिने घालवणाऱ्या बाया अनेक आहेत. तपासणीच्या वेळी महिला डॉक्टर किंवा परिचारिका हवी, असे बाईने निःसंकोच सांगावे.