कियांतीतील पायी सहल

कियांतीतील पायी सहल : इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्ये पसरलेल्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून वाटाड्याशिवाय पाच ते सात दिवस चालत जाण्याची सहल. मुक्काम आधी ठरवलेले असतात. कपड्यांची बॅग रोज सकाळी गाडीने पुढच्या मुक्कामी जाते. चालणारा पाठीवर पाणी, थोडा खाऊ आणि पावसाचे जाकीट एवढेच घेतो, आणि छापील नकाशा व मोबाइलमधली जीपीएस नोंद पाहत आपल्या चालीने वाट काढतो. रोजचे अंतर साधारण १० ते २० किलोमीटर असते. सिएनातून जाणारा व्हिया फ्रांचिजेना हा रोमचा जुना यात्रामार्ग वेगळा. त्यावर एकच ठरलेली वाट आहे. कियांतीत वाटांचे जाळे आहे आणि प्रत्येकाने त्यातून आपली साखळी जुळवायची असते.

हे जाळे आले कुठून, हे कळल्याशिवाय ही सहल नीट कळत नाही. या वाटा सहलीसाठी आखलेल्या नाहीत. मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली शेती ‘मेझाद्रिया’ पद्धतीने चाले. मेझाद्रिया म्हणजे निम्मा वाटा, आपल्याकडची अर्धेलीची बटाई. जमीनमालक शहरात किंवा टेकडीवरच्या वाड्यात राही. त्याची जमीन ‘पोदेरे’ नावाच्या तुकड्यांत वाटलेली असे, आणि प्रत्येक पोदेरेवर एक दगडी घर व त्यात एक मोठे एकत्र कुटुंब. धान्य, तेल आणि द्राक्षे निम्मी मालकाची, निम्मी कुळाची. वाइनचे तळघर आणि तेलाचा घाणा मालकाच्या मुख्य शेतवाड्यात, म्हणजे ‘फात्तोरिया’त असत, आणि हिशेब कारभारी ठेवी. घरे गावात दाटीने न वसता अशी टेकडी-टेकडीवर विखुरलेली राहिली, कारण कुळाला आपल्या तुकड्यावरच राहावे लागे. साहजिकच प्रत्येक घरापासून फात्तोरियाकडे, चर्चकडे, गिरणीकडे आणि झऱ्याकडे पायवाट किंवा बैलगाडीची वाट पडली. आज सहलीच्या नकाशावर ठिपक्यांच्या रेघेने दाखवतात त्या बहुतेक याच वाटा.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची तरुण पिढी फ्लॉरेन्स, प्रातो, पोज्जिबोन्सीच्या कारखान्यांत गेली. कष्ट, कर्ज आणि मालकापुढची लाचारी यांना ती कंटाळली होती. १९६४च्या कायद्याने मेझाद्रियाचे नवे करार बंद झाले आणि १९८२च्या कायद्याने उरलेल्या करारांचे भाडेपट्ट्यात रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. तोवर शेकडो घरे ओस पडली होती. काही शहरवासीयांनी घेतली, काही इंग्रज, जर्मन आणि स्विस लोकांनी. १९८५मध्ये शेतकऱ्याला शेतीला पूरक म्हणून पाहुणे ठेवण्याची मुभा देणारा ‘आग्रितुरिझ्मो’चा कायदा आला, आणि रिकाम्या घरांत खाटा पडल्या. त्याच वर्षी जानेवारीतल्या भीषण थंडीने तोस्कानातली बहुसंख्य ऑलिव्हची झाडे जाळून टाकली होती. अनेकांना दुसऱ्या उत्पन्नाची निकड होती. दिवसभर चालल्यावर संध्याकाळी पोहोचता येईल अशा अंतरावर जेवण-झोपेची सोय मिळते, ती या इतिहासामुळे.

सहलींच्या माहितीपत्रकांत या प्रदेशाला ‘काळाचा स्पर्श न झालेला’ म्हणण्याची रीत आहे. ते चूक आहे, आणि ज्यांनी तो घडवला त्यांच्यावर अन्याय करणारेही. बटाईच्या काळात इथे सलग द्राक्षमळा क्वचितच दिसे. द्राक्षवेली मॅपलच्या छाटलेल्या झाडांवर चढवलेल्या असत, मध्ये गहू, बांधावर ऑलिव्ह, आणि उतार दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांचे केलेले. १९६०-७०च्या दशकांत ट्रॅक्टर चालावा म्हणून पुष्कळ ताली मोडल्या आणि उताराच्या दिशेने सरळ ओळी लावल्या. छायाचित्रांत दिसणाऱ्या त्या रेखीव ओळी फार तर दोन पिढ्यांच्या वयाच्या आहेत. जुनी मांडणी पाहायची तर राद्दाजवळच्या व्होल्पायासारख्या ठिकाणी तालींकडे लक्ष द्यावे. चुना-सिमेंटशिवाय दगडावर दगड रचून भिंत घालण्याच्या या कौशल्याला २०१८मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. इटलीसह आठ देशांनी मिळून ते मागितले होते.

द्राक्षांचा प्रदेश म्हणत असले तरी चालणाऱ्याचा बराच वेळ जंगलात जातो. कियांती क्लासिको, म्हणजे कियांती वाइनच्या मूळ क्षेत्राचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ओक, चेस्टनट आणि झुडुपांनी व्यापलेला आहे. उंची फार नाही. ग्रेव्हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर, राद्दा ५३० मीटरवर, आणि पूर्वेकडचा सान मिकेले डोंगर ८९० मीटरच्या आसपास. पण गावे माथ्यावर आणि ओढे तळाशी, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा उतरून पुन्हा चढावे लागते. सह्याद्रीत चालणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल. उन्हाळ्यातल्या दुपारी सावली नसलेल्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यावर तो तसा वाटत नाही. पायाखाली दोन प्रकारचे दगड येतात: पापुद्र्यांनी फुटणारा ‘गालेस्त्रो’ आणि फिकट, टणक चुनखडी ‘आल्बेरेझे’. मुळे खोल जायला हे दोन्ही चांगले, म्हणून शेतकरी त्यांच्यावर खूश असतो.

नेहमीची साखळी ग्रेव्हेपासून सुरू होते. इथला बाजारचौक त्रिकोणी आहे आणि मध्ये जोव्हान्नी दा व्हेर्रात्सानोचा पुतळा. १५२४मध्ये न्यूयॉर्कच्या उपसागरात शिरलेला हा दर्यावर्दी इथलाच मानतात. तिथून मोन्तेफियोराल्लेची तटबंदी, पान्त्सानो, व्होल्पाया, राद्दा, अकराव्या शतकातला बादिया आ कोल्तिबुओनो हा मठ, गायोले, ब्रोलिओचा किल्ला आणि सान गुस्मे अशी वाट दक्षिणेला उतरते. ग्रेव्हे ते गायोले या भागात रेल्वे नाही, बसगाड्या मोजक्या आहेत आणि रविवारी आणखी कमी. दमलेल्याने दिवस अर्धा सोडायचा ठरवला तर मुक्कामाच्या मालकाला फोन करणे हाच खात्रीचा उपाय. सिएनाजवळचा शेवटचा टप्पा बरेचजण बसने करतात, कारण तिथे डांबरी रस्ता वाढतो.

वाइनबद्दल थोडक्यात. १७१६मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने कियांतीसह चार वाइन-प्रदेशांच्या सीमा फर्मानाने ठरवल्या. अशा सीमा आखण्याचे हे जगातले फार जुने उदाहरण आहे. ब्रोलिओचा बॅरन बेत्तिनो रिकासोली, जो इटलीचा पंतप्रधानही झाला, याने १८७२च्या पत्रात सांजोव्हेसे द्राक्षाला पाया मानणारे मिश्रण मांडले. १९२४मध्ये राद्दात ३३ उत्पादकांनी संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. १९३२मध्ये ‘कियांती’ हे नाव आसपासच्या मोठ्या टापूला वापरायची परवानगी मिळाली. तेव्हापासून मूळ प्रदेशाची वाइन ‘क्लासिको’ म्हणून वेगळी ओळखतात. तिच्यात किमान ८० टक्के सांजोव्हेसे लागते, आणि २००६पासून पांढरी द्राक्षे चालत नाहीत. मळ्यात चव घ्यायला जायचे तर वेळ आधी ठरवावी, आणि दुपारच्या चढाआधी पेला आवरता घ्यावा.

चालायला एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस उत्तम. सप्टेंबरच्या शेवटी द्राक्षतोडणी सुरू होते. ओळींमधून जाताना ट्रॅक्टरला वाट द्यावी आणि घड तोडू नये. शरद ऋतूत रानडुकरांची शिकार चालते. त्या दिवसांत जंगलातल्या वाटेवर भडक रंगाचा शर्ट घालावा, मुक्कामी विचारून निघावे. गवतात गोचिडी असतात, म्हणून संध्याकाळी पाय तपासावेत. पावसानंतर चिकणमाती बुटाला ढेकळासारखी चिकटते आणि दहा किलोमीटरचे पंधरा वाटतात. झाडांवर व दगडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्या इटालियन आल्पाइन क्लबच्या वाटांची खूण. पण खाजगी मळ्यांजवळ त्या मधूनच गायब होतात, तिथे जीपीएस कामी येतो.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा मागतात. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. शिळ्या पावाचे, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे आणि काळ्या कोबीचे दाट सूप ‘रिबोल्लिता’, टोमॅटो व पावाची ‘पाप्पा’, उन्हाळ्यातली पावाची थंड कोशिंबीर ‘पान्त्सानेल्ला’ हे सगळे कुळांच्या स्वयंपाकघरातले पदार्थ. शिळे वाया न घालवण्याची निकड त्यांत आहे. मात्र रश्श्यात मांस किंवा चरबी घातली आहे का, हे विचारून घ्यावे. पाव अळणी असतो आणि पहिल्या दिवशी खटकतो. खारट चीज व मीठ लावून मुरवलेल्या मांसाशी त्याची जोडी का जमते, ते दुसऱ्या दिवशी कळते.

महाराष्ट्राचा या टेकड्यांशी खरा संबंध आहे, तो १९४४चा. त्या जुलैत जर्मन फौजेला फ्लॉरेन्सकडे रेटत ८वी भारतीय डिव्हिजन या भागातून गेली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. नेहमीच्या वाटेच्या पश्चिमेला, मोन्तेस्पेर्तोलीजवळच्या मोन्तेगुफोनी किल्ल्यात फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रे युद्धापासून वाचवण्यासाठी ठेवलेली होती, बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ त्यांत होते. तोफा जवळ असताना भारतीय सैनिकांनी त्यांवर पहारा दिला.

सहल संपते त्या सिएनाच्या नगरभवनात आम्ब्रोज्जो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेले भित्तिचित्र आहे, सुराज्याचा शहरावर आणि खेड्यावर होणारा परिणाम दाखवणारे. तटाबाहेर टेकड्या, द्राक्षमळे, मळणी, आणि वेशीशी येणारी वाट. वेशीतून श्रीमंत लोक घोड्यावर बाहेर पडत आहेत. त्याच वाटेने शेतकरी लादलेली गाढवे घेऊन आत येत आहेत, आणि एकजण डुकराला हाकतो आहे. डुक्कर काळे आहे, खांद्याभोवती पांढरा पट्टा. त्या पट्ट्यावरून ‘चिंता सेनेसे’ म्हणतात ती हीच जात, आणि कियांतीच्या ओक वृक्षांखाली ती आजही चरताना दिसते.