कान कधी तपासायचा, ऐकायचं मशीन (श्रवणयंत्र) कधी घ्यायचं
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली

आमच्याकडे तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळकडनं पेशंट येतात आणि त्यातले बरेच जण स्वतःहून आलेले नसतात, कुणीतरी धरून आणलेलं असतं. सुनेनं सासऱ्यांना, आजीनं नातवाला, बायकोनं नवऱ्याला. ज्याला कमी ऐकू येतं त्याला स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं, कारण जे कानावर आलंच नाही ते राहून गेलं हे त्याला समजणार कसं? म्हणून हा कागद आधी घरातल्या चांगल्या कानाच्या माणसांनी वाचावा, आणि मग फॅमिली ग्रुपवर टाकावा.

बाळाच्या मागं ताट वाजवू नका

घरोघरी ही टेस्ट चालते. बाळाच्या मागं जाऊन ताट वाजवायचं, बाळानं मान वळवली की "काय नाही झालं त्याला" म्हणून विषय बंद. पण ताट वाजवताना सावली हलते, पलंगाला धक्का बसतो, समोर बसलेल्या आईची नजर तिकडं जाते आणि तिची नजर बघून बाळ पण वळतं. शिवाय ताटाचा आवाज इतका मोठा असतो की अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलालाही तो जातो, घरातलं साधं बोलणं मात्र जात नाही. बाळ हसतंय, आवाज काढतंय म्हणजे ऐकू येतंच असंही नाही, पहिले काही महिने न ऐकणारी बाळंसुद्धा असे आवाज काढतात, पुढं बा-बा, दा-दा यायच्या वेळी फरक दिसायला लागतो.

खऱ्या तपासण्या दोन, ओएई आणि बेरा. ओएईला कानात एक मऊ टोक ठेवतात, बाळ शांत असलं की काही मिनिटांत होते. बेराला कपाळावर आणि कानामागं छोट्या चकत्या चिकटवून आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतोय का ते बघतात, त्यासाठी बाळ झोपेत लागतं, दुखत काहीच नाही. हजार बाळांत साधारण एक ते तीन बाळांना जन्मापासून कायमचा दोष असतो आणि त्यासाठी जगभर १-३-६ असा हिशोब धरतात: पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. सहा महिन्याच्या बाळाला मशीन म्हटल्यावर आजी लोक घाबरतात, पण बोलणं शिकायची मेंदूची खरी घाई पहिल्या दोन-तीन वर्षांतच असते, ती वर्षं शांततेत गेली तर पुढं दुप्पट कष्ट पडतात.

बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, जास्तीची कावीळ झाली असेल, मेंदूज्वर झाला असेल, किंवा आईला गरोदरपणात रुबेला झाला असेल तर पहिली तपासणी पास झाली तरी पुढं परत करून घ्या. अजून एक गोष्ट, यावर बोललं की लोकांना राग येतो पण सांगतोच. आपल्या भागात मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडून एकच बिघडलेला जीन बाळाकडे यायची शक्यता वाढते, आईबाप दोघंही नीट ऐकत असले तरी. आधीच्या लेकराला ऐकू येत नसेल तर दुसऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात.

मोठं होताना लक्ष कशावर ठेवायचं? नऊ-दहा महिन्यांत नावानं हाक मारल्यावर बघायला पाहिजे, वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांला "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडून. नाही आलं तर "मुलगा आहे, उशिरा बोलेल, ह्याचा बापपण उशिरा बोलला" हे वाक्य ठरलेलं. वाट बघा की, पण कान तपासून मग बघा. मशीननं भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन असतं, मात्र ऑपरेशन झालं म्हणजे मूल आपोआप बोलायला लागलं असं होत नाही, त्यामागं नेटानं स्पीच थेरपी आणि घरच्यांचं रोजचं बोलणं लागतं.

शाळेतली मुलं

बाई म्हणतात लक्ष नसतं, घरी टीव्ही मोठा, सर्दी कायम, रात्री तोंड उघडं टाकून झोपतो. असं असेल तर कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं असू शकतं. बऱ्याच मुलांत ते तीनेक महिन्यांत आपोआप जातं, नाही गेलं तर ईएनटी (कान-नाक-घशाचे) डॉक्टर ठरवतात. कान वाहत असेल तर त्यात तेल, लसणाचं पाणी, कुणाचे उरलेले ड्रॉप काहीही घालायचं नाही, आणि सुट्टीत विहिरीत किंवा कृष्णेत पोहणं तोवर बंद. गालगुंडानंतर कधीकधी एकच कान पूर्ण जातो, आणि दुसरा चांगला असल्यामुळं ते वर्षानुवर्षं कळत नाही, मोबाईल कायम एकाच कानाला लावणाऱ्या पोराला एकदा दुसऱ्या कानाला लावायला सांगून बघा.

कामाचा आवाज, मिरवणुकीचा आवाज

विट्याचे यंत्रमाग, कुपवाड एमआयडीसीतली प्रेस शॉपं, द्राक्षबागेतला ट्रॅक्टरचा ब्लोअर. ह्या कामातले लोक आमच्याकडे चाळिशीतच येतात आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख काढला की ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, तो आवाजाचा खड्डा. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, आणि १०० ला पंधराच मिनिटं. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर किती वेळ नाचताय ते तुम्हीच मोजा. दुसऱ्या दिवशी कानात सूं वाजतं आणि मग थांबतं, म्हणून वाटतं की झालं बरं, पण असं परत परत झालं की एक दिवस ते थांबत नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्याला औषध नाही. कापसाचा बोळा काही उपयोगाचा नाही, फोमचे इअरप्लग नाहीतर कानावरचे मफ घ्या, ते फार महाग नसतात.

हे मात्र त्याच दिवशी

सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत एक कान अचानक बंद झाला, सोबत चक्कर किंवा कानात आवाज, तर मळ असेल म्हणून तेल घालून आठवडाभर बसू नका. मळ असू शकतो, पण तो डॉक्टरनं आत बघून सांगायचा. हा आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा असेल तर सुरुवातीच्या दिवसांत स्टिरॉइड मिळालं तर ऐकू परत यायची शक्यता चांगली असते, दोन आठवडे गेले की ती कमी होत जाते. अशा पेशंटनं आमच्याकडे मशीन बघायला यायचंच नाही, थेट ईएनटी गाठायचा. दवाखान्यांचं मिरज एवढं जवळ असून लोक दिवस घालवतात याचं वाईट वाटतं.

टीबीसाठी दिलेली काही इंजेक्शनं, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन यांनीही कानाला इजा होऊ शकते. औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगून मधे मधे कान तपासून घ्या.

आजी-आजोबा: ऐकू येतंय पण कळत नाही

वयानं आधी जातात ते बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज. स, श, फ, च असली अक्षरं पुसट होतात आणि जाड आवाज तसेच राहतात, त्यामुळं "सात" म्हटलं की "हात" कळतं, आणि सून पुटपुटते, पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात अशी तक्रार सुरू होते. हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जरा मोठ्यानं बोललं की "ओरडतोस कशाला". हा हट्टीपणा नाही ओ, आतला कान थकल्यावर हळू आणि असह्य यामधलं अंतरच कमी होतं. मग माणूस भजनाला जायचं सोडतो, लग्नात कोपऱ्यात बसतो, सगळ्याला "हो हो" म्हणतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्यासारखी कारणं दिलीत त्यात कमी ऐकू येणं आहे. पण म्हणून मशीन लावलं की विसरणं थांबतं असं कुणी सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका, तेवढं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

बोलताना समोर या, आधी नावानं हाक मारा, मिक्सर-टीव्ही बंद करा, सावकाश बोला. ओरडल्यानं शब्द उलट फाटतो.

मशीनबद्दल सरळ बोलू

आधी ऑडिओग्राम, मग मशीन. बंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत एकेक आवाज देऊन हा आलेख काढतात, उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. त्याप्रमाणं मशीन कॉम्प्युटरवर सेट होतं. ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली यंत्रं सगळा आवाज सरसकट मोठा करतात, म्हणजे भांडं पडलं की कान फाटतो आणि बोलणं होतं तसंच. दोन्ही कान कमी असतील तर बहुतेक वेळा दोन मशीनं चांगली, आवाज कुठून आला ते कळतं, पण परवडत नसेल तर एक लावा, न लावण्यापेक्षा ते बरं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला तर विचारा. आणि तपासणाऱ्या माणसाचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघायला लाजू नका, आमचंही बघा.

पहिल्या दिवशी बहुतेकांना आवडत नाही. स्वतःचा आवाज आडातनं आल्यासारखा, पंख्याचा आवाज, कागदाची कुरकुर. वर्षानुवर्षं हे आवाज मेंदूकडे गेलेलेच नसतात, त्याला सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला घरात शांत वेळी दोन-तीन तास, मग हळूहळू बाजार, मग कार्यक्रम. त्रास होतोय म्हणून डब्यात ठेवून देऊ नका, परत या, सेटिंग बदलता येतं. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड (कानात बसणारा साचा) ढिला असतो नाहीतर कानात मळ.

सेलवरचं स्टिकर काढलं की हवा लागून सेल सुरू होतो, वापरा नाहीतर नका वापरू तो संपत जातो, म्हणून पानावरचे सगळे एकदम काढू नका. काढल्यावर एक मिनिट थांबून मग घाला. झोपताना, अंघोळीला, डोक्याला तेल किंवा मेंदी लावताना मशीन काढा, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या डबीत. मशीन साधारण पाचेक वर्षं टिकतं, नीट सांभाळलं तर जास्त.

सरकारी मदत

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या पथकाला कानाचं आवर्जून सांगा. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणं दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असेल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलचंच चालतं, आम्ही देऊ शकत नाही. मशीन आणि इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप ही दिव्यांगांना साधनं द्यायची योजना आहे. ६५ च्या पुढच्यांसाठी राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, उत्पन्नाची अट आहे, सध्या अर्ज चालू आहेत का ते समाज कल्याण कार्यालयात विचारा.

येताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधीचं मशीन बंद पडलेलं असलं तरी, आणि रोज सोबत राहणारं घरातलं एक माणूस आणा. बाळाची बेरा असेल तर त्याला प्रवासात झोपू देऊ नका, इथं आल्यावर पाजून झोपवता येतं, जागा आहे.