गादीवरून खुर्चीवर : ज्युदोतल्या कारभाऱ्यांची पूर्वपीठिका

विदर्भात तालुक्याच्या गावी ज्युदो शिकवणारा माणूस बहुधा एकटाच चार माणसांची कामं करतो. सकाळी शाळेत पी.टी.चा तास, संध्याकाळी सराव, पावसाळ्यात शालेय स्पर्धा लागल्या की पंचगिरी, आणि जिल्हा संघटनेच्या लेटरहेडवर खाली उजवीकडे 'सचिव' म्हणून सही. 'सर, तुमी सोता कधी खेळाचे?' असं एखाद्या पोट्ट्याने विचारलं तर सांगण्यासारखं बरंच असतं, पण मॅट उचलून खोलीत ठेवायची असते. खेळाडूनेच पुढे खेळाचा संसार हाकायचा, ही रीत मात्र या सरांपासून सुरू झालेली नाही. ज्युदोचा जनकच त्या वाटेने गेला होता.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जागा बारा तातामींची, शिष्य मोजके. तातामी म्हणजे भाताच्या तणसाची जाड चटई. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला तणीस काय ते सांगायला नको. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जीवघेणे डाव गाळून कानोंनी उरलेल्यांना शिस्त लावली, 'दान' म्हणजे कौशल्याच्या पायऱ्यांची श्रेणी सुरू केली. पण त्यांचं दुसरं आयुष्य कार्यालयात गेलं. ते शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेले. आशियातून तिथे पोचलेले ते पहिले. १९१२ मध्ये जपान प्रथमच ऑलिम्पिकला उतरला तेव्हा पथकात धावपटू दोनच होते आणि प्रमुख होते कानो. गंमत अशी, की स्वतःच्या ज्युदोला ऑलिम्पिकमध्ये घुसवायची त्यांनी कधी घाई केली नाही. तो आला १९६४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. महिलांना पदकासाठी लढायला १९९२ उजाडलं.

आपल्याकडे तोवर आखाडा होताच. वस्ताद हा त्याचा प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि न्यायाधीश. अंग थकलं की पैलवान हौद्याच्या काठावर बसायचा, आणि ते बसणं म्हणजेच बढती. त्यासाठी निवडणूक नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. पोळ्याच्या दंगलीत कोणाची जोड कोणाशी लावायची हे तो सांगे आणि गाव मान्य करी. या पद्धतीचं मला कौतुक आहे, पण तिची एक मर्यादाही दिसते: वस्तादाचा शब्द गावाच्या शिवेबाहेर चालत नसे.

ती शीव ओलांडली अमरावतीने. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे आखाड्याचं संस्थेत झालेलं रूपांतर होतं: वर्ग, अभ्यासक्रम, प्रमाणपत्र. खेड्यातला मुलगा इथे शिकून परत जायचा तो शारीरिक शिक्षणाचा मास्तर होऊन. १९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, पंचाहत्तरीतले कानो समितीच्या बैठकीत १९४० चं ऑलिम्पिक टोकियोसाठी मागत होते. ते मिळालंही. पुढे चीनबरोबरच्या युद्धामुळे १९३८ मध्ये जपानने ते परत केलं. ते बघायला कानो नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच त्यांचं निधन झालं होतं.

खुर्चीवर खेळाडू असला की सगळं सुरळीत होतं, असा आपला एक लाडका समज आहे. जपाननेच तो मोडला. हारुकी उएमुरा हे १९७६ चे ऑलिम्पिक विजेते आणि जपानच्या ज्युदो महासंघाचे अध्यक्ष. त्यांच्याच काळात पंधरा महिला खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केली. प्रकरण २०१३ च्या जानेवारीत उघड झालं, पाठोपाठ अनुदानाचा गैरवापर बाहेर आला, आणि ऑगस्टमध्ये अध्यक्ष पायउतार झाले. त्यांच्या जागी आला पोलाद उद्योगातला माणूस.

यासुहिरो यामाशिता यांचं वेगळेपण इथे कळतं. कुमामोतोच्या डोंगराळ भागातला हा दांडगट मुलगा. सलग २०३ लढतींत अपराजित, चार जागतिक सुवर्णपदकं. १९८० चं ऑलिम्पिक जपानच्या बहिष्कारात गेलं. १९८४ मध्ये पोटरी दुखावलेली असताना त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि पुढच्याच वर्षी निवृत्ती घेतली. पण महासंघाचं अध्यक्षपद मिळायला २०१७ आणि जपान ऑलिम्पिक समितीचं मिळायला २०१९ उजाडलं. मधली तीस-बत्तीस वर्षं विद्यापीठात शिकवणं, राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय महासंघात शिक्षण विभाग सांभाळणं, यात गेली. पदकानंतरची ही उमेदवारी आपल्याकडच्या सत्काराच्या भाषणांत कधी येत नाही.

खेड्यातल्या सचिवाची उमेदवारी याहून रुक्ष. शालेय स्पर्धांची तालुका-जिल्हा-विभाग-राज्य ही उतरंड, क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला आता सातबाऱ्याइतकी किंमत आली आहे. कापूस-सोयाबीनवाल्या घरातून मुलगी ज्युदोला येते तेव्हा बापाच्या डोक्यात पोलीस भरती असते, आणि त्यात चूक काही नाही. मग त्या प्रमाणपत्रावर सही कोणाची, संघटना मान्यताप्राप्त कोणती, यावर भांडणं होतात. एका जिल्ह्यात एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना दिसतात त्या यामुळेच. अध्यक्षपदी बहुतेकदा पुढारी असतो, कारण हॉल आणि मंडप त्याच्या शब्दाने मिळतात; वजनकाटा, भाग्यपत्रिका (कोणाची लढत कोणाशी याचा तक्ता) आणि मुलांचं जेवण सचिवाकडे.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संस्थांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा राखून ठेवल्या. तालुक्यात त्याची झुळूक पोचेल तेव्हा पोचेल. तोवर इथलं क्रीडा नेतृत्व जुन्याच सार्वजनिक न्यासांच्या कायद्याशी झुंजतं: विश्वस्त मंडळ बदललं की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात त्या बदलाची नोंद म्हणजे चेंज रिपोर्ट, दर वर्षी ऑडिट. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत.